चौथा धडा

एकतीस वर्षं मी शाळेतल्या पोरांना मोटार चालवायला शिकवली. शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली एक जादा ब्रेक, आणि पलीकडे सोळा वर्षांचं एखादं कार्टं, एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा केसांतून फिरवणारं. माझ्या पाठीमागे सगळी मला खडूस म्हणायची. होतोच मी खडूस. एकही धडा न गाळता शिकवणारा मास्तर म्हणून माझं नाव होतं. कुणाचा बाप कितीही मोठा असला तरी गाडी मागे घेता आल्याशिवाय मी कागदावर सही केली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की हा लोवेल प्रूइट जन्मापासूनच ढिला असावा. तसं नव्हतं. सबंध आयुष्यात मी एकच धडा गाळला.

निवृत्त झाल्यावर गुडघ्यांनी असहकार पुकारला. सायकलवर लांब जाणं बंद झालं, चालणं नकोसं झालं, आणि डॉक्टर म्हणाले पोहत जा. तलावात तरंगणाऱ्या म्हाताऱ्यांकडे पाहून मला मरणच बरं वाटायचं. तेव्हा कुणीतरी मला आमच्या चर्चच्या पार्किंगमध्ये तिचाकीवर उभं केलं. पुढे एक चाक, मागे दोन, मागच्या चाकांजवळ पाय ठेवायला दोन फळ्या, मध्ये छातीपर्यंत उंच दांडा आणि त्याला हँडल. पेडल नाही, मोटार नाही, पायाने जमीन ढकलायची नाही. अंग एकदा या बाजूला झुकवायचं, एकदा त्या बाजूला, वजन या पायावरून त्या पायावर टाकायचं, आणि गाडी नागमोडी वळणं घेत आपोआप पुढे जाते. आपोआप म्हणतो खरं, पण पहिल्या दिवशी पन्नास फूट गेल्यावर माझी जीभ बाहेर आली होती. नवा माणूस हाताने हँडल हिसडत राहतो आणि दमतो. जमायला लागलं की मग कंबर चालवते आणि हात फक्त सोबतीला असतात. ते जमलं त्या दिवशी सत्तरीच्या उंबरठ्यावर मी मोठ्याने हसलो, आणि मला हसताना पाहून चर्चच्या माळ्याने झारी खाली ठेवली.

आमच्या फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर जुनी रेल्वे उखडून तिच्या जागी डांबरी वाट केलेली आहे, अडतीस मैल, सरळ आणि सपाट. आम्ही आठ तिचाकीवाले दर शनिवारी तिथे डुलत निघायचो. सायकलवाल्यांना आम्ही डोळ्यांसमोर नको असायचो, कारण आम्ही वळणं घेत अर्धी वाट अडवतो. त्यांनी वाटेच्या समितीकडे तक्रार केली. समितीने आम्हाला बोलावलं, आणि मी माझा एकतीस वर्षांचा अनुभव टेबलावर आपटून परवानगी मिळवली. अट एकच होती. प्रत्येक नव्या माणसाला मी चर्चच्या पार्किंगमध्ये सहा धडे द्यायचे, मग त्याच्या हँडलला हिरवी पट्टी चिकटवायची, आणि पट्टी नसेल त्याने वाटेवर पाऊल टाकायचं नाही.

त्यातला चौथा धडा फक्त आमच्याच गाडीला लागतो. आमच्याकडे वाटेच्या उजव्या कडेने चालतात, म्हणून मागून येणारा सायकलवाला पुढे जाण्याआधी ‘डावीकडून येतोय’ अशी हाक देतो. हाक ऐकली की माणूस सहज मान वळवून डावीकडे बघतो. पायी असाल तर बघा खुशाल, सायकलवरही चालतं. तिचाकीवर मात्र मानेमागे खांदा जातो, खांद्यामागे कंबर, आणि ही गाडी तर कंबरेचंच ऐकते. तुम्ही बघाल तिकडे ती निघाली, म्हणजे थेट हाक देणाऱ्याच्या चाकापुढे. म्हणून चौथ्या धड्याला मी सायकलवर बसून शिकणाऱ्याच्या मागून यायचो आणि चाळीस वेळा हाक द्यायचो. त्याने समोर बघत, उजव्या कडेला सरळ राहत फक्त ‘या’ म्हणायचं. पहिल्या दहा वेळा सगळे मान वळवतात, विसाव्या वेळी चिडतात, तिसाव्या वेळी मला शिव्या देतात आणि मग कधीतरी मान जागच्या जागी राहते. कंटाळवाणा धडा आहे. उन्हात तर नको होतो.

इमोजीन टॅकेट ऑगस्टमध्ये आली. वय एकाहत्तर, खुबा दुखरा, केस बारीक कापलेले, आवाज असा की सांगितलेलं करावंच लागावं. एकोणतीस वर्षं तिने जिल्ह्याच्या आपत्कालीन फोनवर काम केलं होतं. लोक घाबरून रडत फोन करायचे आणि ही नकाशाकडे न बघता रुग्णवाहिकेला सांगायची की कुठल्या रस्त्याने जा, कुठल्या पुलावर काम चालू आहे. जिल्ह्यातला रस्ता न् रस्ता तिला पाठ होता. डुलायला लागली की प्रत्येक झोक्याला ती एकेका रस्त्याचं नाव घ्यायची, उत्तरेकडून दक्षिणेकडे, ओळीने, एकही न चुकवता. मी एकदा म्हणालो, बाई, हे काय स्तोत्र आहे का. ती म्हणाली, “माझ्या आईला त्र्याहत्तराव्या वर्षी मी कोण ते आठवेना. म्हणून मी रोज मोजून घेते, सगळे आहेत ना ते.”

तिला तिसऱ्या धड्यातच गाडी वश झाली. इतरांना महिना लागतो. ती त्या पार्किंगमध्ये अशी वळायची की मी शिकवायचं सोडून बघत उभा राहायचो. आता हेही सांगून टाकतो, कारण लपवून काय मिळणार आहे. मी तिच्यात गुंतलो होतो. रमीरोलाही ते दिसलं होतं. रमीरो म्हणजे आमच्यातला निवृत्त दंतवैद्य, चंदेरी दाढीचा, विधुर, बोलण्यात मध. तो एका दुपारी पार्किंगमध्ये लिंबाचा ‘पाय’ म्हणतात ते गोड पक्वान्न घेऊन आला, तिच्यासाठी, स्वतः भाजलेलं. मला म्हणाला, “मास्तर, शनिवारी ताई येणार नाहीत का आमच्याबरोबर? की तुम्ही त्यांना नाताळपर्यंत शिकवणार?” ती हसली. तो पुढे म्हणाला की तसं असेल तर रविवारी तो तिला आपल्या होडीतून फिरवून आणेल.

त्या दिवशी चौथा धडा होता. माझी सायकल मोटारीच्या टपावर बांधलेली होती, ती मी उतरवलीसुद्धा नाही. रमीरो गेल्यावर मी तिला चढ शिकवला, मग रांगेत कसं चालायचं ते शिकवलं, म्हणजे पाचवा आणि सहावा उरकला, आणि खिशातून हिरवी पट्टी काढून तिच्या हँडलला चिकटवली. म्हणालो, शनिवारी माझ्या मागे राहा. मनात म्हणालो, हिच्यासारखीला चाळीस हाका कशाला लागतात, पुढच्या आठवड्यात उरकून टाकू. ती शाळेतल्या पोरीसारखी त्या पट्टीवर बोट फिरवत राहिली. मला फार बरं वाटलं.

शनिवारी आम्ही सकाळी निघालो. मी पुढे, ती माझ्या मागे, रमीरो शेवटी, त्यातही मी समाधान मानलं. ती रस्त्यांची नावं घेत होती, मला ऐकू येत होती. चौथ्या मैलाच्या आसपास मागून हाक आली. नावं थांबली. मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, आणि मी ब्रेक दाबून मागे बघेपर्यंत ती वाटेवर पडलेली होती, सायकलवाला गवतात. त्याच्या कोपरांचं सालपट निघालं होतं आणि तो आम्हाला सगळ्यांना मिळून एक शिवी देत होता. तिचा खुबा मोडला होता. ती ओरडली नाही. रमीरोने फोन लावला तेव्हा तिने पडल्यापडल्याच त्याला सांगितलं की रुग्णवाहिकेला कुठल्या फाट्यावरून आत वळायला सांग.

रुग्णवाहिका गेल्यावर रमीरोने मला बाजूला घेतलं. त्याने बरोब्बर तेच विचारलं. “चौथा झाला होता ना त्यांचा?”

“झाला होता,” मी म्हणालो. विचारसुद्धा केला नाही. खोकला आला की तोंडावर हात जातो तसं झालं.

त्यानंतर समितीचा कागद आला. अपघात झालेल्या व्यक्तीला सहाही धडे दिले होते का, तारखेसह लिहावे. खरं लिहिलं तर आमची परवानगी गेली. आठ म्हातारे, त्यातले दोन तरी असे की शनिवार गेला तर आठवड्यात उठायला कारणच उरणार नाही. मी स्वतःला हेच सांगितलं, आठ जणांसाठी करतोयस. खरं कारण त्याहून लहान होतं. एकतीस वर्षं धडा न गाळणारा मास्तर लिंबाच्या ‘पाय’च्या एका तुकड्यावर जळून धडा गाळतो, हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. मी सहाही रकान्यांत तारखा भरल्या आणि खाली सही ठोकली.

तो कागद पाकिटात घालून कोटाच्या खिशात ठेवला आणि वाटेत पेटीत टाकू म्हणून इस्पितळात गेलो. पोचलो तरी तो खिशातच होता. शस्त्रक्रियेला तीन दिवस झाले होते. इमोजीन उशीला टेकून बसली होती, चेहरा उतरलेला. मी फुलं ठेवली. तिने फुलांकडे बघितलंही नाही.

“लोवेल, एक विचारते, सरळ सांग. रमीरो म्हणाला की तुम्ही सगळ्यांना हाकेचा धडा देता. मान वळवायची नाही म्हणून. तू मला दिला होतास?”

तीच पुढे बोलत राहिली. म्हणाली, पार्किंग आठवतं, ब्रेक आठवतात, पायांवरून तू किती ओरडलास तेही आठवतं, पण ही जागा कोरी आहे. “मी इथे पडून तीन दिवस शोधतेय. काही नाहीये तिथे.”

तिच्या डोळ्यांत मी कधी भीती बघितली नव्हती. खुब्याची तिला काही पडली नव्हती. माझ्या एका ‘नाही’ने ती भीती तिथल्या तिथे गेली असती. ती मला दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती, कदाचित माझं तोंड बघितलं नसतं पुन्हा, पण त्या रात्री शांत झोपली असती. हे मला तेव्हाही कळत होतं. नंतर कळलं असं म्हणायची सोय मला नाही.

“दिला होता,” मी म्हणालो.

तिने चादरीची कड चिमटीत धरली. मग म्हणाली, “बरं. म्हणजे सुरू झालं.”

मी तिला म्हणालो की भुलीच्या औषधाने असं होतं, वेदनेने होतं, सगळ्यांना होतं. किती गोड बोललो मी. तिने मान डोलावली, आणि मला म्हणाली की सायकलवाल्याची माफी मागायची आहे, पत्ता मिळव. जाताना मी पाकीट इस्पितळाच्या दारातल्या पेटीत टाकलं.

आपण विसरायला लागलोय हे तिने स्वतःच आपल्या मुलीला सांगितलं. कॉरीन जॉर्जियात राहते, शाळेत उपमुख्याध्यापिका आहे, आईसारखीच सरळ. तिने आजीचं सगळं लहानपणी बघितलेलं. तिने आईची तपासणी करवली. डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी विचारले. जिला अख्खा जिल्हा पाठ होता तिला दोन आठवले. डॉक्टर म्हणाले, इतक्यात काही ठरवू नका, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. पण घाबरलेल्या माणसाला सहा महिने कुठून येणार. इमोजीन घरी आली ती चिठ्ठ्या लिहायला लागली. गॅस बंद केला. दार लावलं. गोळी घेतली. मी भेटायला गेलो की ती बोलताबोलता थांबायची आणि विचारायची, हे मी तुला आधी सांगितलंय का. एकदा व्हरांड्यात बसून तिने रस्त्यांची नावं म्हणायला घेतली. निम्म्यात अडकली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकली. मला ते पुढचं नाव माहीत होतं, मी त्याच रस्त्यावर राहतो. मी सांगितलं. ती म्हणाली, “मला सांगू नकोस ना,” आणि तिने तोंड फिरवलं.

नोव्हेंबरात इमोजीनच्या घराला गिऱ्हाईक मिळालं; कॉरीन तिला जॉर्जियात, आठवण जात चाललेल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात ठेवणार होती. सामान बांधायच्या दिवशी मी मदतीला गेलो होतो. कॉरीनने मला स्वयंपाकघरात गाठलं. तिचे डोळे रडून सुजले होते. “मिस्टर प्रूइट, तुम्ही तिला रोज बघत होतात. मी घाई करतेय का? आई कधीच निष्काळजी नव्हती. तिला शिकवलेलं ती कधीच विसरली नाही. तुम्हाला तेव्हा काही जाणवलं होतं का?”

समितीचा निर्णय पुढच्या गुरुवारी होता. मी मनाशी हिशेब केला की गुरुवार जाऊ दे, शुक्रवारी फोन करून सगळं सांगू, जॉर्जियातून परत यायला काय एक दिवस लागतो. कॉरीनला म्हणालो, मी काही डॉक्टर नाही. तिने माझे आभार मानले.

गुरुवारी परवानगी कायम राहिली. समितीतल्या बाई म्हणाल्या की शिकवणं नीट झालं होतं, चूक चालवणाऱ्याची. रमीरोने सगळ्यांना माशाचं सँडविच खिलवलं. शुक्रवारी मी फोन केला नाही. त्यानंतरच्या शुक्रवारीही नाही. शनिवारी वाटेवर जायचो, पण एके दिवशी मागून हाक आली आणि मी गाडी वाटेच्या कडेला टेकवून घरी चालत आलो. वाट आमची राहिली होती, मला तिच्यावर उभं राहवत नव्हतं. नव्या लोकांना शिकवायचं मी सोडलं. विचारलं तर गुडघे दाखवायचो.

मार्चमध्ये मी मोटार काढली आणि सहा तास चालवत जॉर्जियाला गेलो. कॉरीनला आधी कळवलं नाही, तिच्याशी नंतर बोलणार होतो. आधी जिचं देणं तिला.

तो आश्रम स्वच्छ होता. प्रत्येक दारावर आत राहणाऱ्याचं नाव आणि तरुणपणचा फोटो. इमोजीन खिडकीशी बसली होती, केस वाढलेले, कुणीतरी विंचरून दिलेले. तिने मला लगेच ओळखलं. नावाने हाक मारली, गुडघ्यांची चौकशी केली, रमीरोने लग्न केलं का ते विचारलं. मग बागेत जाऊ म्हणाली, आणि दारातल्या पोरीला विचारलं, जाऊ का आम्ही. हीच बाई एकोणतीस वर्षं पोलिसांना आणि अग्निशमनवाल्यांना कुठे जायचं ते सांगत आली होती.

बाकावर बसल्याबसल्या मी बोलून टाकलं. सहा तास घोकत आलो होतो. “इमोजीन, मी तुला चौथा धडा दिलाच नव्हता. मी रमीरोवर जळत होतो, म्हणून मी तो गाळला आणि पट्टी चिकटवली. मग कागदावर खोटं लिहिलं आणि तुला तोंडावर खोटं सांगितलं. तू काहीही विसरली नव्हतीस. आठवायला तिथे काही नव्हतंच.”

मी शिव्यांची वाट बघत होतो. तिने माझा हात हातात घेतला आणि थोपटला.

“एवढ्या लांब हे सांगायला आलास?” ती म्हणाली. “भला माणूस आहेस तू. पण आता गरज नाही लोवेल. मला आठवलंय.”

मी म्हणालो, काय आठवलंय. तिने सांगितलं. इथे एक बाई रोज सकाळी सगळ्यांना गोल बसवते, आणि प्रत्येकाने हरवलेली एक गोष्ट शोधायची असते. इतर लोक लग्नं शोधत होते, कुत्र्यांची नावं शोधत होते. हिने पहिल्या दिवसापासून हाच धडा शोधायला घेतला. डिसेंबर गेला, काही सापडेना. जानेवारीत एके सकाळी नुसती सायकल दिसली. मग हळूहळू बाकीचं आलं.

“कडक ऊन होतं,” ती सांगू लागली. तिचा आवाज पूर्वीसारखा झाला होता, फोनवरचा. “तू लाल सायकलवर होतास, चेन करकरत होती. पहिल्यांदा हाक दिलीस आणि मी मान वळवली, तू वैतागलास. चर्चमधल्या बाई खिडकीतून डोकावल्या, हा माणूस का ओरडतोय म्हणून. मी तुला म्हटलं, घसा बसेल, पाणी पी. चाळीस वेळा, लोवेल. शेवटी शेवटी तर माझी मान हललीसुद्धा नाही.”

माझी सायकल करडी आहे. त्या बाजूला चर्चला खिडकी नाही. मी पुन्हा म्हणालो, इमोजीन, ऐक माझं. तिने हात वर करून मला थांबवलं.

“मी गोलात सांगितलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॉरीन तर रडली. त्या बाई म्हणतात, एक सापडली ना, आता बाकीच्याही सापडतील. रस्ते मी अजून घेतलेले नाहीत. घाबरते. पण ही एक आहे माझ्याकडे.” मग ती माझ्याकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांत इस्पितळातली ती भीती मला पुन्हा दिसली, तळाशी, जराशी. “असंच झालं होतं ना?”

बागेत एक म्हातारा कामगार पाईपने झाडांना पाणी घालत होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

“असंच झालं होतं,” मी म्हणालो.

“आणि चेन? करकरत होती ना?”

“हो,” मी म्हणालो. “तेल द्यायचं राहून गेलं होतं.”